मंगळवारची खूण

सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी टायपिस्टचा फोन आला आणि त्याने सांगितलं, की अकरावं पान त्याने याआधी एकदा टाइप केलेलं आहे.

"म्हणजे या आठवड्यात?" तिने विचारलं.

"नाही बाई. अकरा वर्षांपूर्वी. फाइल समोर घेऊन बसलोय. दोनशे चौदा शब्द. तेव्हाही दोनशे चौदाच होते."

ती पंख्याखाली उभी होती. एका हातात नवऱ्याचा अर्धा इस्त्री केलेला सदरा होता. तिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि मगच पुढचा प्रश्न विचारला. वर्तमानपत्राच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं जमतंच. वाईट बातमी आली की आधी हातातलं काम नीट खाली ठेवायचं. "सारखं वाटतंय, की सारखं आहे?"

"तिसऱ्या ओळीला माझी बोटं पुढे गेली," टायपिस्ट म्हणाला. तो निवृत्त कोर्ट-टायपिस्ट होता. बावीस वर्षं तिचं हस्तलिखित त्याच्याचकडे जात होतं, आणि या बावीस वर्षांत त्याने तिच्या कथांबद्दल बरं किंवा वाईट असं एक अक्षर काढलेलं नव्हतं. "कागदाकडे बघायच्या आधी बोटांनी ओळ पुरी केली. म्हटलं, हे काय? मग जुन्या प्रती काढल्या. स्वल्पविरामसुद्धा तिथल्या तिथे आहेत. तेव्हा मुलगी कारकून होती, आता शिक्षिका आहे. बाकी जिना तोच, बूट तोच, नाडी तीच. मी काय करू? साडेबाराला गठ्ठा घेऊन तुमच्याकडे येतो म्हणालो होतो. एकला प्रकाशकांकडे पोचवायचाय."

"साडेबाराला या," ती म्हणाली. "अकरावं पान वेगळं ठेवा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

फोन ठेवल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभी राहिली. ही भिंत हा तिचा गर्व होता, आणि गर्वाला गर्व म्हणायला ती कधी लाजली नव्हती. एकोणीस वर्षं आणि दोन महिने. रोज पहाटे सहाला पाच कमी असताना उठायचं, चूळ भरून थेट इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं, कारण बसलं की पाठ टेकते आणि पाठ टेकली की डोकं टेकतं. साडेसातपर्यंत लिहायचं. उद्याच्या वाक्याचा पहिला शब्द आजच्या कागदाच्या तळाशी लिहून थांबायचं, म्हणजे उद्या सकाळी दार उघडं सापडतं. मग चौकोनात शाईची एक तिरपी रेघ. ताप असताना, नणंदेच्या मुलीच्या लग्नात, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्याने, ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर औषधाच्या चिठ्ठीमागे. सात हजारांवर दिवस, खाडा नाही. जुनी कॅलेंडरं खिळ्यावर एकामागे एक टांगलेली होती आणि त्यांचा आता चांगला उशीएवढा जाड गठ्ठा झाला होता. नवरा पाहुण्यांना घर दाखवताना तिथे थांबायचा आणि म्हणायचा, "हे आमचं देवघर. इथे फक्त हजेरी लागते."

पण या रेघेला एक अट होती, आणि अटही तिचीच. लिहिलेलं नवं असलं पाहिजे. जुनं उगाळलं तर तो दिवस खाडा. ही अट तिने पहिल्या वर्षीच, पहिल्या पानाच्या मागे, कचेरीतल्या सूचनेसारखी मुद्देसूद लिहून ठेवली होती, आणि तेव्हा ती अट मोडायची वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. लोक म्हणायचे, सुचतं कसं हो तुम्हाला? ती सांगायची, मला सुचत नाही, मी शोधते. हे ती मिरवायला म्हणत नसे. कामाची पद्धत म्हणून सांगायची. छोट्या जाहिरातींच्या टेबलावर तिची सगळी नोकरी गेली होती. हरवले आहे, सापडले आहे, नावात बदल, दुःखद निधन. हरवल्याची जाहिरात एकवीस शब्दांत बसवायची. काय हरवलं, ओळखीची खूण काय, शेवटचं कुठे दिसलं. माणसं खिडकीशी येऊन अर्धा तास रडायची, आणि ती त्यातून एकवीस शब्द काढायची. तिची कथाही अशीच सुरू होई. रोज एक थांबा पुढे उतरून ती चालत मागे यायची, त्या दहा मिनिटांत एक काहीतरी पकडायची, आणि रात्री जेवणाआधी त्याची हरवल्याची जाहिरात करून टाकायची. एकवीस शब्दांत जे बसत नाही त्याची कथा होत नाही, असा तिचा अनुभव होता. तिच्या अर्जावर आणखी एक रकाना होता, छापायचा नसलेला: शेवटी कोणी पाहिलं. लोक नेमका तोच रकाना रिकामा सोडत. कुणालाच आपलं नाव तिथे नको असे. बाकीच्या कारकून बाया जाऊ द्यायच्या. ती अर्ज परत सरकवायची. "हे भरल्याशिवाय घेता येणार नाही." चौतीस वर्षांत तिच्या खिडकीतून तो रकाना रिकामा ठेवून एकही माणूस गेला नव्हता. कचेरीत तिला घड्याळबाई म्हणत, आणि त्यात थट्टा किती नि आदर किती हे तिने कधी मोजलं नाही. घड्याळ बरोबर होतं एवढं तिला पुरे होतं.

अकरावं पान तिने मंगळवारी लिहिलं होतं. मंगळवार तिला स्वच्छ आठवत होता. हात नुसता धावत होता, एक शब्द खोडावा लागला नव्हता, आणि पावणेसातालाच पान भरलं म्हणून तिने खिडकीशी जाऊन समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींकडे उगाचच पाच मिनिटं पाहिलं होतं, मालकिणीसारखं. आज भरती आहे, असं तिच्या मनात आलं होतं. आता तेच आठवून तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खोडावं लागलं नाही, कारण खोडून झालेलं होतं. अकरा वर्षांपूर्वीच. आपण छापून आलेलं पुन्हा कधी वाचत नाही, ही तिची दुसरी अभिमानाची गोष्ट. मागे बघत बसणाऱ्यांचे पाय तिथेच रुततात, असं ती नव्या लेखकांना सांगत आली होती. वाचलं असतं तर सापडलं असतं. शिस्तीनेच तिला तोंडघशी पाडलं होतं.

नवरा दाराशी आला. तो निवृत्त भूमापक होता. शेतांच्या, रस्त्यांच्या कडेने साखळी ओढण्यात त्याचा जन्म गेला होता आणि घरातही तो भिंतीच्या कडेने चालायचा. "माझ्या सदऱ्याला एकच बाही इस्त्रीची आहे," तो म्हणाला. "फॅशन आहे की काही झालंय?"

तिने सांगितलं. तो ऐकत राहिला, मग चष्मा काढून पुसायला लागला. "तुझ्या वयाच्या बायका तीच गोष्ट दिवसातून चारदा सांगतात. तू अकरा वर्षांतून एकदा सांगितलीस."

"त्या रेघ मारत नाहीत."

"मग काढून टाक ते पान. दहा आणि बारा जोडून घे. तुला काय अवघड आहे? आयुष्यभर लोकांचे शब्दच तर कापलेस."

"आणि मंगळवार?"

नवऱ्याने कॅलेंडरकडे पाहिलं. मोजणीत चूक निघाली की करायचा तसं त्याने चौकोनांवरून बोट फिरवलं. "मंगळवारी तू उभी होतीस की नाही टेबलाशी? मी पाहिलं. लिही माझी साक्ष."

"उभं राहण्याची रेघ नाही ती."

"मग खाडा म्हण आणि मोकळी हो. घड्याळालाही किल्ली द्यावी लागते कधीतरी." तो सदरा घेऊन गेला. तिला त्याचा राग आला नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्याचा काही उपयोग नव्हता. एका दिवसाचा प्रश्नच नव्हता. मंगळवारी हात नुसता फिरला असेल, तर बुधवारी? तर गेल्या वर्षी? रिकामं जातं फिरत राहिलं तरी आवाज तोच येतो. सात हजार रेघांमधल्या किती रेघांना पीठ होतं, हे टायपिस्टच्या बोटांखेरीज कुणाला माहीत होतं, आणि त्या बोटांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

पान तिला तोंडपाठ होतं, हे तिला आत्ता कळलं. एक जिना, अंधारा, वळणाचा. एक मुलगी पुढे, वडील मागे. मुलीला कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे. वडील थांबतात, वाकतात. डाव्या बुटाची नाडी सुटलेली, नाडीच्या टोकाची पत्र्याची टोपी निघून गेलेली, त्यामुळे धागे फिसकटलेले, भोकात जाता जात नाहीत. "तू पुढे हो, मी आलोच," वडील म्हणतात, मान वर न करता. मुलगी पुढे होते. पायऱ्या मोजते. खाली उजेड आहे. तिथे पान संपतं. दोन्ही कथांत तिथेच संपतं. नंतर जागा बदलते, माणसं बदलतात, जिना पुन्हा येत नाही. लिहिताना तिला वाटलं होतं हे आपण रचलं. आता सदऱ्याच्या वाफेच्या वासात उभं राहून तिला जिन्याचा वास आला, ओल्या लाकडाचा आणि खालच्या मजल्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या कथलाच्या धुराचा, आणि तो वास पानात कुठेच नव्हता.

तिच्या नोकरीचा पहिला दिवस. एकोणीस वर्षांची ती. वडील गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचे; त्यांच्या उजव्या खिशात कायम निळा खडू आणि त्यामुळे सगळ्या सदऱ्यांच्या उजव्या खिशांना निळी झाक. वाया गेलेल्या चिंधीवरून ते माणसाची किंमत करत. त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली होती, तिला कचेरीपर्यंत सोडायला. साडेनऊला हजर व्हायचं होतं. ते म्हणाले होते, सव्वानऊला पोच. वेळेवर येणारा माणूस म्हणजे बेतून शिवलेलं कापड, कुठे ओढत नाही. आणि जिन्यात ते मागे राहिले. ती सव्वानऊला पोचली. एकटी. तेव्हापासून ती सव्वानऊला पोचत आली होती.

अकरा वाजले होते. बातमी हाती आली की दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यायची. तिने दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या शहरात असे, बस आगारातून निवृत्त, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा.

"बाबांच्या पायात काय होतं?" तिने विचारलं.

"तू बरी आहेस ना?"

"माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. जिन्यात ते थांबले होते. पायात काय होतं त्यांच्या?"

"चपला," दादा म्हणाला. "बूट बाबांनी आयुष्यात एकदा घातले, स्वतःच्या लग्नात, तेही मामाचे. दोन दिवस लंगडत होते म्हणे. का गं? पेन्शनीला लागतंय का हे?"

"तुला नक्की आठवतं?"

"न आठवायला काय झालं? शोधली ना मी. एकच चप्पल पायात होती, डावी नव्हती. म्हटलं जिन्यात राहिली असेल. वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. सापडलीच नाही. कोण नेणार एक चप्पल? पण गेली."

दादाच्या आत्ता लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो ते.

"एक चप्पल पायात ठेवून ते वर आले?" तिने विचारलं.

"आणलं त्यांना वर. मी आणि तो रेडिओवाला, दोघांनी. पायरीवर बसून होते. घामाने सदरा भिजलेला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठीक झाले. तू आलीस तेव्हा पलंगावर बसून भाजी निवडत होते, आठवतं?"

"मला सांगितलं नाहीत."

"बाबा म्हणाले, तिचा पहिला दिवस आहे, आज नको. मग दुसरा दिवस आला. मग तुझा पहिला पगार. चार महिन्यांनी ते गेलेच, मग कशाला सांगायचं?" दादा घसा साफ करत होता. "आणि तुला ठाऊकच असेल असं वाटायचं मला. बाबा म्हणाले होते, वळून पाहिलं तिने. मी हात केला, जा म्हटलं, असं म्हणाले. पायरीवर बसल्या बसल्या घड्याळ बघत होते, आणि आम्हाला सांगत होते, आता पोचली असेल. पंधरा मिनिटं आधी पोचली असेल. जीव घाबरा झालेला, आणि तोंडावर हे एवढं हसू. मलाच राग आला होता त्यांचा."

"मी वळून पाहिलं?"

"असं ते म्हणाले. आता मी काय तिथे होतो?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. तिच्यातला तो जुना, थंड, खिडकीशी बसलेला भाग कामाला लागला होता आणि एकामागून एक गोष्टी मांडत होता. बूट नव्हता. म्हणजे नाडी नव्हती. म्हणजे पत्र्याची टोपी, फिसकटलेले धागे, भोक चुकणारं बोट, यातलं काही नव्हतं. मग हे कधी झालं? अकरा वर्षांपूर्वी टेबलाशी? पण टेबलाशी रचलेलं ती ओळखते. त्याला खोडाखोड असते. हे दोन्ही वेळा एकसंध उतरलं होतं, जसं काही कुणी तिच्या आत केव्हाच लिहून, तपासून, छापायला तयार करून ठेवलं होतं. वळून पाहिलं तिने, असं वडील म्हणाले. पाहिलं असेल, तर पायरीवर बसलेला, छातीशी हात घेतलेला, चप्पल निसटलेला माणूस पाहिला असेल. आणि त्या माणसाने हात केला, जा. आणि तिला जायचं होतं. सव्वानऊला पोचायचं होतं. वडिलांना ती पोचायला हवी होती. जाता यावं म्हणून त्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं, वाकलेल्या माणसाला वाकण्याचं साधं कारण. मान पुन्हा पुढे वळेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिने त्याच्या पायात बूट घातला, नाडी सोडली, नाडीचं टोक उसवलं, वाक्य त्याच्या तोंडी दिलं. टेबल नाही, रेघ नाही, पहाट नाही. एकोणीस वर्षांची पोरगी, जिन्याच्या वळणावर. आणि इतकं चोख, की टायपिस्टच्या बोटांना ते अकरा वर्षं पुरलं, आणि तिला स्वतःला बेचाळीस वर्षं.

इथे तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटेल म्हणून ती थांबली. पण आधी आला तो अभिमान, कसलाही आडपडदा न ठेवता, सरळ, छाती भरून. कारागिराला आपलंच जुनं काम दुसऱ्याच्या घरात दिसावं आणि सांधा कुठे आहे तो शोधूनही सापडू नये, तसा. वडिलांनाही तो कळला असता. त्यांनी कापडावरून नुसता अंगठा फिरवला असता. मग त्या अभिमानाखाली पायरी नाही असं तिला वाटलं, आणि तिने टेबलाची कड धरली.

बारा वाजता तिने टायपिस्टला फोन केला. "अकरावं पान कोरं ठेवा," ती म्हणाली.

"कोरं?" टायपिस्टचा आवाज चढला नाही, पण बावीस वर्षांत तो एवढा ऐकू आला नव्हता. "बाई, कोर्टात कोरं पान फाइलला लावत नाहीत. कुणीही काहीही भरू शकतं."

"मीच भरणार आहे."

"मी निघतोय हो आता."

"निघा. तुम्ही पोचेपर्यंत वेळ आहे."

"आणि नाही झालं तर?"

"चौतीस वर्षांत माझी जागा कधी कोरी गेली का?"

"ते वर्तमानपत्र होतं," टायपिस्ट म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिने टेबलावरची घडी सरळ केली, उभ्यानेच कागद घेतला. सवय होती तसं आधी एकवीस शब्द. हरवली आहे, तिने लिहिलं. एक चप्पल, डाव्या पायाची, काळी, अंगठ्याशी झिजलेली. शेवटची दिसली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, सकाळी, मुलगी पुढे गेल्यावर. शब्द मोजले. अठरा. तीन उरत होते, आणि त्या तीन शब्दांत काय हवं हे तिला नीट माहीत होतं. तिने कागदाच्या खाली, न छापायच्या जागी, एक रकाना आखला: शेवटी कोणी पाहिलं. तिथे पेन टेकवलं आणि तिची नजर वर गेली. काळी. अंगठ्याशी झिजलेली. तिसरी पायरी. दादाने रंग सांगितला नव्हता. झीज सांगितली नव्हती. पायरी कितवी ते सांगितलं नव्हतं. तिने तर एक अक्षर न अडखळता लिहिलं होतं, मंगळवारसारखंच.

तिने ओळीखाली बोट धरून पुन्हा वाचलं. पाहिलेलं आणि बेतलेलं एकाच हाताने उतरलं होतं, एकाच शाईत, आणि बोटाला शिवण लागत नव्हती. तिने दादाला फोन लावला. रंग एवढाच विचारायचा होता. घंटा वाजत राहिली. दादा दुपारच्या जेवणाआधी पाय मोकळे करायला जातो आणि फोन घरीच ठेवतो, हे तिला माहीत होतं. तिने पुन्हा लावला. बाहेरच्या खोलीत नवरा खुर्ची सरकवत होता. टायपिस्ट येणार म्हणून त्याने दोन्ही बाह्यांची इस्त्री असलेला दुसरा सदरा घातला होता.

बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. तीन मिनिटं आधी. नवरा दार उघडायला गेला. मंगळवारच्या चौकोनात रेघ होती तशी होती. कागदावर अठरा शब्द होते, रकाना रिकामा होता, पेन त्यावर टेकलेलं होतं, आणि दादाचा फोन अजून कुणी उचललेला नव्हता.